पोर्टल फँटसी: दार ओलांडेपर्यंत जीव अडकतो, मग कंटाळा का येतो?

पिंपळपान

पोर्टल फँटसी म्हणजे आपल्याच जगातलं कुणीतरी कपाटातून, आरशातून, बिळातून नाहीतर वादळातून भलत्याच जगात जाऊन पडतं, तो प्रकार. याबद्दल माझं मत काही केल्या एका बाजूला पडत नाही. जाणकारांनी उकल करून द्यावी म्हणून हा धागा. (जुन्या, गाजलेल्या पुस्तकांची गुपितं फुटतील. ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी इथूनच मागे फिरावं.)

आवडतं ते आधी सांगते. तो ओलांडण्याचा क्षण. नार्निया मालिकेतल्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'मध्ये (१९५०) चार भावंडांतली ल्यूसी कपाटात शिरते आणि नार्निया नावाच्या जगात पोचते. हाताला फरचे कोट, त्यामागे आणखी कोट. पायाखाली काहीतरी करकरतं, तिला वाटतं डांबरगोळ्या असतील, तर ते निघतं बर्फ. मऊ कोटांच्या जागी टोचायला लागतात त्या फांद्या. आणि हे होत असताना तिने दार उघडं ठेवलंय, कारण कपाटात स्वतःला कोंडून घेणं वेडेपणाचं आहे हे तिला ठाऊक आहे. पुढे तिचा भाऊ एडमंड त्याच कपाटात शिरतो तेव्हा दार ओढून घेतो. दोघांचे स्वभाव सी. एस. लुइसने एका दारात सांगून टाकलेत.

आता खटकतं ते. पलीकडे पोचल्यावर कुणीतरी भेटतं, खाऊपिऊ घालतं आणि प्रकरणभर तिथला इतिहास-भूगोल सांगतं. तिथे माझा वेग बसतो तो बसतोच. दुसरं, तिथल्या लोकांना शंभर वर्षांत जे जमलं नाही ते बाहेरून आलेली शाळकरी पोरं चार दिवसांत करतात आणि वर सिंहासनावर बसतात. हे वाचताना आपल्या मनात कंपनी सरकार डोकावणारच. तिसरा घोळ शेवटाचा. पोरं घरी परतली तर फसवल्यासारखं वाटतं आणि तिथेच राहिली तरी फसवल्यासारखंच वाटतं.

हा प्रकाराचाच दोष म्हणायचा की पुस्तकापुस्तकाचा? आणि नवीन पुस्तक हातात घेतल्यावर लवकर कसं ओळखायचं?


तळटीप

पहिली तक्रार प्रकाराच्या हाडातच आहे. फॅरा मेंडलसोन यांच्या 'रेटोरिक्स ऑफ फँटसी' (२००८) या समीक्षाग्रंथात अद्भुत कादंबऱ्यांची चार घरं केली आहेत: नायक पलीकडे जाऊन शोधयात्रा करतो ती, त्या जगातच जन्मलेल्यांची, आपल्या जगात बाहेरचं काहीतरी घुसतं ती, आणि नक्की काही घडलं की नाही हे शेवटपर्यंत ठरत नाही ती. पहिल्या घरात नायकाला काही माहीत नसतं आणि वाचकालाही नसतं, म्हणून माहिती कुणाच्या तरी तोंडूनच यावी लागते. त्यांचा खरा टोला पुढे आहे. ही माहिती सांगणाऱ्याला कुणी उलट प्रश्न विचारत नाही. वाटाड्या म्हणेल तो इतिहास. दार नसतानाही 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' त्यांनी याच घरात घातलंय, कारण शायर या आपल्या मुलखाबाहेर पडलेल्या फ्रोडोला आणि आपल्याला सगळं सारखंच नवं असतं.

म्हणजे माहिती देणं टळत नाही. ती देताना काही पणाला लागलंय का, एवढंच बघायचं. तुम्ही ज्या पुस्तकाचं नाव घेतलंत त्यातच याचा चांगला नमुना आहे. सातव्या-आठव्या प्रकरणात बीव्हर दांपत्य मुलांना जेवू घालतं आणि अस्लन हा तारणहार सिंह, चार सिंहासनांची भविष्यवाणी, चेटकीण, दगडी चौथऱ्यापाशी भेटायचा बेत, सगळं ओळीने सांगून टाकतं. तुमचा वेग बसतो ती हीच जागा असणार. पण हे सांगणं चालू असताना एडमंड गुपचूप सटकलेला आहे. तो नाही हे कळल्यावर बीव्हरचा प्रश्न असतो की तो कधी गेला आणि त्याने नेमकं किती ऐकलं. दुसऱ्यांदा वाचताना ते जेवण या प्रश्नासकट वाचून बघा. कंटाळवाणी वाटलेली माहिती फितुराच्या हातातला ऐवज होऊन बसते.

प्रवेशाचं मोजमापही बघण्यासारखं आहे. पुस्तकाची प्रकरणं १७. ल्यूसी एकटी पहिल्या प्रकरणात जाते, एडमंड तिसऱ्यात, चौघं मिळून जातात ते थेट सहाव्यात. मधे ल्यूसीवर कुणी विश्वास ठेवत नाही आणि एडमंड स्वतः जाऊन आल्यावरही खोटं बोलतो. अलीकडच्या पुष्कळ कादंबऱ्या हा अविश्वासाचा टप्पा दोन पानांत उरकतात, आणि मग वाचकाच्या मनातली शंका कुणीच बोलून दाखवलेली नसते.

वाटाड्याने माहिती दडवली तर काय होतं त्याचं उदाहरण एल. फ्रँक बॉमच्या ऑझचं. १९०० सालच्या मूळ पुस्तकात वादळाने ऑझच्या जगात येऊन पडलेल्या डोरोथीला सुरुवातीला भेटते ती उत्तरेची चांगली चेटकीण. तिला पायातल्या चंदेरी बुटांची खरी शक्ती माहीतच नसते. शेवटी ती सांगते दक्षिणेची ग्लिंडा. १९३९ च्या चित्रपटात या दोघींची एकच ग्लिंडा केली आणि बूट माणकांचे केले. परिणाम असा की जी बाई शेवटी सांगते 'तू केव्हाही घरी जाऊ शकली असतीस', तीच पहिल्या भेटीत गप्प बसलेली दिसते. पुस्तकात नसलेलं भगदाड एक पात्र वाचवण्याच्या नादात पडलं.


हिशेबनीस

तळटीप यांच्याशी सहमत. पण वेग बसण्याचं आणखी एक कारण असतं, वेळेचं प्रमाण. इकडचा एक दिवस म्हणजे तिकडचे किती, हे लेखकाने ठरवलंय की नाही, यावर त्या जगात काही पणाला लागतं की नाही हे बरंचसं ठरतं.

नार्नियात प्रमाण ठरलेलं नाही. लुइसने करून ठेवलेल्या कालपटात पहिली भेट १९४० सालची, नार्नियाचं वर्ष १०००. चौघं तिथे १५ वर्षं राज्य करतात आणि कपाटातून बाहेर पडतात तेव्हा इथे तोच दिवस, तीच वेळ. दुसऱ्या खेपेला इथे १९४१, तिथे २३०३. तिसऱ्या खेपेला इथे पुन्हा वर्षभर, तिथे मात्र फक्त तीन. त्यानंतर इथे काही महिने, तिथे पन्नास वर्षं. लेखकाला नार्नियाचा राजा कॅस्पियन कधी तरुण लागतो, कधी म्हातारा लागतो, त्यानुसार घड्याळ फिरतं.

या सैलपणातून एक फार सुंदर गोष्ट मिळते. 'प्रिन्स कॅस्पियन'मध्ये (१९५१) मुलं एका बेटावरच्या पडक्या वाड्यात येतात. सुझनला मातीत बुद्धिबळातला सोन्याचा घोडा सापडतो, एका डोळ्यात माणिक आहे, दुसरं निखळलेलं. मग हळूहळू उलगडतं की हा त्यांचाच वाडा, त्यांचाच पट. हे घडायला तेराशे वर्षं लागतातच.

पण याच सैलपणामुळे हिशेब बुडतो तोही मोठा आहे. १५ वर्षं राजा-राणी असलेली, तरुण झालेली चार माणसं एका क्षणात परत शाळकरी पोरं होतात. लढाया केलेल्या, न्यायनिवाडे केलेल्या डोक्याने भूमितीचा गृहपाठ कसा केला असेल? याबद्दल लुइसने जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. नंतरच्या कितीतरी पोर्टल कादंबऱ्या याच रिकाम्या पानावर उभ्या आहेत.

प्रमाण पक्कं ठेवलं की काय होतं ते स्टीफन डोनाल्डसनच्या थॉमस कॉव्हेनंट मालिकेत दिसतं (पहिलं पुस्तक १९७७). इथला एक दिवस, तिथलं एक वर्ष. नायक कुष्ठरोगी, समोरचं जग स्वप्न आहे असं मानणारा. पोचल्या पोचल्या तो लेना नावाच्या मुलीवर बलात्कार करतो, कारण स्वप्नात केलेल्याला जबाबदारी कसली? दुसऱ्या पुस्तकात तो परत जातो तेव्हा इथे काही आठवडेच गेलेत, तिथे चाळीस वर्षं. त्याच्यासमोर तिथल्या सर्वोच्च पदावर लेनाची मुलगी एलेना बसलेली असते, अर्थात त्याचीही. प्रमाण पक्कं नसतं तर ही गाठ बसली नसती. (वाचणार असाल तर तो प्रसंग फार लवकर येतो आणि बरेच वाचक तिथेच पुस्तक मिटतात, हे माहीत असू द्या. मिटलंत तरी कुणी नावं ठेवणार नाही.)


कंदील

कंपनी सरकारच्या मुद्द्याला +१. नार्निया मालिकेतल्याच 'द हॉर्स अँड हिज बॉय'मधलं (१९५४) कॅलोरमेन हे शेजारचं साम्राज्य तर बघवत नाही: फेटे, वाकड्या तलवारी, सावळे चेहरे, गुलामांचा बाजार आणि लांबलचक म्हणी. गंमत म्हणजे या पुस्तकात दारच नाही, सगळं पलीकडेच घडतं. तरी बाहेरच्याची नजर शाबूत!

पण या तक्रारीला उत्तर देणारी पुस्तकंही आहेत. चायना मिएव्हिलचं 'अन लन डन' (२००७) घ्या. भविष्यवाणीत नाव असलेली झाना सुरुवातीलाच मार खाऊन घरी परतते आणि काम पडतं तिच्या मैत्रिणीवर, डीबावर, जिचं नाव कुठल्याच पोथीत नाही. भविष्य सांगणारं बोलकं पुस्तक स्वतःच ओशाळलेलं असतं. मिळवायच्या वस्तूंची भलीमोठी यादी असते. डीबा पहिलीच मिळवताना किती वेळ गेला ते बघते आणि मधल्या सगळ्या सोडून सरळ शेवटच्या वस्तूमागे लागते. या प्रकाराची खिल्ली आहे, पण आतून, प्रेमाने केलेली.

दुसरं फुयुमी ओनोचं 'ट्वेल्व्ह किंग्डम्स' (जपानीत १९९२ पासून). शाळकरी योको पलीकडे नेली जाते आणि तिने राणी व्हायचं असतं, म्हणजे नेमकी तुमची तक्रार. पण तिथे राजाला निवडतो किरिन नावाचा दैवी प्राणी. राजा वाईट वागायला लागला की तो किरिन आजारी पडतो, किरिन मेला की पाठोपाठ राजाही जातो. सिंहासन म्हणजे बक्षीस नव्हे, गळ्यात अडकवलेली जोखीम. योको कितीतरी काळ ते नाकारत राहते आणि त्याआधी उपाशी, फसवलेली, कुणावरही विश्वास न ठेवणारी होऊन हिंडते.

त्यातच भाषेचं एक कलम आहे. या प्रकारात 'तिथे सगळे आपली भाषा कशी बोलतात' हा प्रश्न बहुतेक लेखक गिळून टाकतात. ओनोच्या जगात जपानहून वाहत आलेल्या सामान्य माणसाला तिथली भाषा कळत नाही. योकोला कळते, आणि ती सामान्य नाही याचा पहिला पुरावा हाच ठरतो.

हल्लीच्या जपानी इसेकाईबद्दल (दुसऱ्या जगात जाऊन पडण्याच्या तिकडच्या कथा) मात्र माझं मत बरं नाही. ट्रकची धडक, पुनर्जन्म, अंगात आयतं बळ. दाराला काही मोजावंच लागत नाही. काही अपवाद आहेत, पण ढीग उपसावा लागतो.


आडवाट

सगळे इंग्रजी-जपानीतच फिरताय म्हणून जरा इकडे. वाटाड्याच्या कंटाळ्यावर महाभारतात एक अफलातून तोड आहे. आदिपर्वात, पौष्यपर्वातला उत्तंक. गुरुपत्नीसाठी पौष्य राजाच्या राणीची कुंडलं घेऊन निघालेला असतो, वाटेत तक्षक ती पळवून बिळात शिरतो. उत्तंक काठीने बीळ उकरतो, निभत नाही, मग इंद्र वज्र पाठवून वाट मोकळी करतो. आत नागलोक. तिथे दोन स्त्रिया काळ्या-पांढऱ्या धाग्यांचं वस्त्र विणताहेत, सहा कुमार एक चक्र फिरवताहेत, एक पुरुष आहे, एक घोडा आहे. हे काय आहे ते कुणीही त्याला सांगत नाही! घोड्याच्या मागून फुंकर घाल म्हटल्यावर तो घालतो, धुराने नागलोक कोंदतो, तक्षक कुंडलं आणून देतो, त्याच घोड्यावरून तो मुदतीत घरी पोचतो. आणि मग, काम झाल्यावर, गुरू अर्थ सांगतात: त्या दोघी धाता आणि विधाता, धागे म्हणजे दिवस-रात्र, चक्र म्हणजे संवत्सर, सहा कुमार म्हणजे ऋतू. आधी अनुभव, मागाहून टीप. बीव्हरच्या जेवणाच्या बरोबर उलट.

परतल्यावर उत्तंक शांत बसत नाही हेही महत्त्वाचं. तो थेट हस्तिनापूर गाठून जनमेजयाला सर्पसत्रासाठी डिवचतो. पलीकडे जाऊन आलेल्या माणसाने अलीकडे आग लावली.

हिशेबनीस यांच्या घड्याळाला ककुद्मीची कथा जोडा. रेवतीला वर कोण करावा हे विचारायला हा राजा मुलीला घेऊन ब्रह्मदेवाकडे जातो. तिथे गंधर्वांचं गायन चाललेलं असतं, म्हणून क्षणभर थांबतो. गाणं संपल्यावर ब्रह्मदेव हसून सांगतात की तू मनात धरलेले वर तर राहोतच, त्यांचे नातूपणतूही उरलेले नाहीत, सत्तावीस चतुर्युगं लोटली. भागवताच्या नवव्या स्कंधात ही कथा आहे. विष्णुपुराणात पुढचा तपशील येतो तो मला फार आवडतो: एवढ्या काळात माणसं आखूड झालेली असतात, त्यामुळे रेवती बलरामाला फारच उंच पडते आणि तो तिला नांगराच्या टोकाने खाली ओढून आपल्या मापाची करतो. काळ लोटल्याची खूण थेट अंगावर. नार्नियातल्या मुलांच्या अंगावर अशी खूण राहत नाही, आणि हिशेबनीस म्हणतात तो बुडीत हिशेब तिथेच बुडतो.

मराठीतलं म्हणाल तर जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. तिला विज्ञानकथा म्हणतात आणि ती आहेच, पण सांगाडा पोर्टलचाच. पुण्यातले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पानिपतच्या विचारात असताना ट्रकची धडक बसते (कंदील, तुमचा ट्रक आपल्याकडे कधीच येऊन गेला) आणि ते पोचतात मराठे पानिपत जिंकले त्या हिंदुस्थानात. वाटाड्या कोण? कुणीही नाही. ते मुंबईच्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात जाऊन स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड उघडतात आणि शेवटच्या खंडात इतिहासाची वाट कुठे बदलली ते शोधतात. माहिती देणारा आणि घेणारा एकच, तोही पेशाने पुरावे तपासणारा. परत येताना खिशात उरतं ते बखरीचं फाटकं पान, विश्वासरावांना गोळी चाटून गेली असं सांगणारं. आपल्या जगातल्या बखरीत गोळी लागलेली. सिंहासन नाही, तलवार नाही, एक पान. पोर्टल कथेतून परत आणण्यासाठी याहून नेमकी वस्तू सुचणं कठीण आहे.


पिंपळपान

आडवाट, उत्तंकाचं हे रूप डोक्यातच आलं नव्हतं. वाटाड्याचा आणि सिंहासनाचा मुद्दा आता पुष्कळ सुटला. शेवटाचं मात्र कुणीच बोलत नाही. परतणं आणि न परतणं, दोन्ही का खटकतं?


मावळतीकडे

कारण बहुतेक पुस्तकांत शेवट लेखकाच्या मर्जीने येतो, त्या जगाच्या नियमाने येत नाही.

नार्नियातल्या सुझनचं घ्या. दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी तिला आणि तिचा भाऊ पीटर याला सांगितलं जातं की तुम्ही आता मोठी झालात, परत येणार नाही. ठीक. पण 'द लास्ट बॅटल'मध्ये (१९५६) रेल्वे अपघातात बाकीचे सगळे, आईवडिलांसकट, मरून खऱ्या नार्नियात पोचतात आणि सुझन नाही, कारण तिला आता लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि पार्ट्यांची आमंत्रणं यांतच रस आहे, असं कुणीतरी सांगतं. कालपटाप्रमाणे ती तेव्हा २१ वर्षांची. एका दिवसात आईबाप आणि भावंडं गेली त्या मुलीला पुस्तकात एक ओळ नाही. दार बंद होण्याचं कारण आधीच्या सहा पुस्तकांतून उगवलेलं नाही, ते वरून लादलेलं आहे. म्हणून खटकतं.

याच्याशेजारी फिलिप पुलमनची 'हिज डार्क मटेरियल्स' ही त्रयी ठेवा (१९९५ ते २०००), विल आणि लायरा या दोन मुलांची. सूक्ष्म सुरीने दोन जगांमध्ये खिडकी कापली की दरवेळी एक स्पेक्टर (माणसाचं भान खाणारं भूत) जन्माला येतो आणि उघड्या राहिलेल्या खिडकीतून डस्ट (जाणिवेचे सूक्ष्म कण) गळते. शिवाय परक्या जगात माणूस दहाएक वर्षांपलीकडे टिकत नाही. हा दुसरा नियम विलच्या वडिलांच्या ढासळलेल्या तब्येतीतून दिसलेला असतो. शेवटी एकच खिडकी उघडी ठेवता येणार असते आणि ती मृतांना बाहेर पडायला लागते. विल आणि लायरा यांची ताटातूट मग कुणाच्या मर्जीने होत नाही, बेरीज-वजाबाकीने होते. रडू येतं, पण फसवल्यासारखं वाटत नाही.

मिखाएल एंडेच्या 'द नेव्हरएंडिंग स्टोरी'त (१९७९) तर परतणं हेच अर्धं पुस्तक आहे. प्रकरणं २६, इंग्रजी वर्णमालेतल्या अक्षरांइतकी. पुस्तक वाचत बसलेला मुलगा बास्तियन पलीकडे जातो ते बाराव्याच्या शेवटी, म्हणजे जवळपास मध्यावर. तिथे त्याची प्रत्येक इच्छा पुरी होते आणि प्रत्येक इच्छेपायी घरची एकेक आठवण जाते. आठवणी संपल्या की पुढे इच्छाच करता येत नाही आणि परतही जाता येत नाही. अशा अडकलेल्यांचं अख्खं शहर त्याला वाटेत लागतं. शेवटी तो जमिनीखालच्या खाणीत विसरलेल्या चित्रांचे पापुद्रे उपसतो आणि त्याला एका दुःखी माणसाचं चित्र सापडतं. ते वडील आहेत हे त्याला आठवत नाही, फक्त ओढ वाटते, आणि तेवढ्या ओढीवर परतीची वाट मिळते. १९८४ चा चित्रपट बघून ज्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं त्यांनी हा भाग गमावला, कारण चित्रपट पहिल्या अर्ध्यातच आटोपतो.

न परतण्याचं म्हणाल तर ऑझच. सहाव्या पुस्तकात (१९१०) काकांचं शेत कर्जापायी जायची वेळ येते, तेव्हा डोरोथी काका-काकूंनाच उचलून कायमची ऑझला नेते. मला हा शेवट बेहद्द आवडतो. घरासारखी जागा नाही वगैरे चित्रपटाने रंगवलं, बॉमने मात्र सावकाराचा तगादा बघून निर्णय दिला.

आणि परतलेल्यांचं पुढे काय होतं ते वाचायचं तर शॉनन मॅकग्वायरचं 'एव्हरी हार्ट अ डोअरवे' (२०१६). पलीकडून आलेल्या आणि इथे न रुजलेल्या मुलांची निवासी शाळा. ह्यूगो आणि नेब्यूला दोन्ही पुरस्कार मिळालेली लघुकादंबरी. मधे खुनाचं रहस्य घुसतं आणि ते लवकर ओळखू येतं, तेवढा भाग पातळ. पण मुलांच्या आपसातल्या गप्पा, कुणाचं जग तर्काचं आणि कुणाचं बेबंद, याची वर्गवारी, फार नेटकी.


हिशेबनीस

लवकर कसं ओळखायचं ते राहिलंय. पहिल्या पन्नासेक पानांत बघण्यासारखं बरंच काही असतं.

सगळ्यात आधी, जाणाऱ्याच्या खिशात काय आहे आणि मागे काय अर्धवट राहिलंय हे सांगितलंय का. मागे काहीच अडकलेलं नसेल तर परतीच्या वेळी लेखकाला ओढूनताणून घरची आठवण काढावी लागते. मग बघायचं की नायक येण्याआधी तिथल्या माणसांचं काही चाललेलं होतं का. ज्या जगात बाजार, भांडणं, थकलेले कर, अर्धी बांधलेली भिंत असं काही दिसत नाही आणि सगळे फक्त भविष्यवाणीची वाट बघत बसलेत, तिथे पुढे सिंहासन येणार हे धरून चाला. वाटाड्याचा काही स्वार्थ असेल तर उत्तम. तो चुकू शकत असेल तर त्याहून उत्तम. आणि दार आणखी कोण वापरू शकतं? फक्त नायकच, असं उत्तर असेल आणि त्याला कारण दिलेलं नसेल तर मी पुस्तक ग्रंथालयातून आणतो, विकत घेत नाही.

खरेदीपुरत्या तीन सूचना. नार्नियाच्या आजच्या बहुतेक संचांत 'द मॅजिशियन्स नेफ्यू'वर १ आकडा असतो, कारण क्रम नार्नियाच्या काळानुसार लावलाय. ते पुस्तक लिहिलं गेलं मात्र उशिरा, १९५५ साली आलं, आणि त्यात कपाटाचं लाकूड कुठलं, जंगलात दिव्याचा खांब कसा, ही उत्तरं आहेत. प्रश्न पडायच्या आधी उत्तरं वाचण्यात हशील नाही. संचावर २ आकडा असलेलं 'वॉर्डरोब' आधी घ्या. एंडेच्या पुस्तकात इकडचा मजकूर एका रंगात आणि तिकडचा दुसऱ्या रंगात छापलेला असतो. काळ्या-पांढऱ्या ई-रीडरवर तो भेद जातो आणि स्वस्त आवृत्तीत तिरप्या अक्षरांवर भागवलेलं असतं, तेव्हा दोन शाईंची छापील प्रत मिळतेय का बघा. पुलमनचं 'नॉर्दर्न लाइट्स' आणि अमेरिकेतलं 'द गोल्डन कंपास' हे एकच पुस्तक आहे, जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, दोन्ही घेऊ नका.


पिंपळपान

धन्यवाद सगळ्यांना. एंडे आणि ओनो यादीत, नारळीकर पुन्हा. डोनाल्डसनचं अजून ठरत नाही.


कंदील

ओनोच्या पहिल्या खंडाबद्दल एक सूचना. पहिला अर्धा भाग योको इतकी एकटी आणि संशयी असते की वाचकाचाही दम निघतो. राकुशुन नावाचा उंदीर भेटेपर्यंत धीर धरा. तो वाटाड्याच आहे आणि चिक्कार माहिती देतो, पण योको त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. एका जागी तर त्याला जखमी अवस्थेत मागे टाकून पळते आणि परत जाऊन त्याला संपवावं का, इथपर्यंत तिचं मन जातं. तुमच्या पहिल्या तक्रारीची धार तपासायला तो प्रसंग चांगला आहे. वाचून झाल्यावर इथेच लिहा, इंग्रजी भाषांतराबद्दल मला वेगळं भांडायचं आहे.